उघडलेलं दार, बंद फाटक: हिल्सबरोचं प्रकरण

१५ एप्रिल १९८९, शनिवार. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात, हिल्सबरो मैदानावर एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. दुपारी तीनला खेळ सुरू झाला आणि तीन वाजून सहा मिनिटांनी पंचांनी तो थांबवला. त्या दिवशी तो पुन्हा सुरू झालाच नाही. गोलच्या मागे, लोखंडी जाळीआड उभे असलेले लिव्हरपूलचे चाहते जागच्या जागी गुदमरून मरत होते. त्या दिवशी ९४ जण गेले. चार दिवसांनी आणखी एक, १९९३ मध्ये एक, आणि त्या दुपारच्या इजांमुळेच २०२१ मध्ये सत्त्याण्णवावा. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता.

प्रेक्षकांच्या वागणुकीचे कायदे समजून घ्यायला बहुतेक जण दंगलींपासून सुरुवात करतात. मला हिल्सबरोपासून करावीशी वाटते. इथे दंगल झालीच नव्हती. तरीही मैदानातली प्रत्येक जाळी, प्रत्येक फाटक आणि पोलिसांच्या हातातली लेखी सूचना दंगलीच्या धास्तीतूनच आलेली होती. चाहत्याकडे फक्त संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहिलं की नियम कसे बनतात, आणि तोच चाहता संकटात सापडला की ते नियम त्याच्याशी कसे वागतात, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसत नाही.

आधी एका शब्दाविषयी. अशा घटनेला आपण सरसकट ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो. त्या शब्दानं डोळ्यांपुढे धावणारा, एकमेकांना तुडवणारा जमाव उभा राहतो. हिल्सबरोला कुणी धावत नव्हतं. माणसं उभी होती, हात वर घ्यायलाही जागा नव्हती, छातीवर चहूबाजूंनी दाब होता आणि श्वास घ्यायला बरगड्या फुलत नव्हत्या. दोष गर्दीच्या वागण्यात होता की गर्दीला जिथे कोंबलं त्या जागेत, हा प्रश्न शब्दाच्या निवडीपासूनच सुरू होतो.

त्या दिवशी कोणते नियम लागू होते

इंग्लंडमध्ये मैदानांच्या सुरक्षेचा कायदा १९७५ मध्ये आला. त्याआधी, २ जानेवारी १९७१ रोजी, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर ६६ जण चिरडून मेले होते. या कायद्यानं मोठ्या मैदानांना सुरक्षा प्रमाणपत्र सक्तीचं केलं. हिल्सबरोला ते १९७९ मध्ये मिळालं. पुढच्या दहा वर्षांत मैदानात बरेच बदल झाले, पण प्रमाणपत्रावरचे आकडे तसेच राहिले.

दुसऱ्या बाजूला हुल्लडबाजीविरुद्धचे कायदे भराभर येत होते. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या अंतिम सामन्याआधी ३९ जण मेले. इंग्लिश क्लबांना युरोपातून पाच वर्षं बाहेर काढलं गेलं, लिव्हरपूलला सहा. त्याच वर्षी दारूबाबतचा कायदा आला: सामन्याला नेणाऱ्या बसगाड्यांत आणि विशेष रेल्वेगाड्यांत दारू नाही, खेळ दिसतो अशा जागी दारू नाही, नशेत मैदानात शिरणं हा गुन्हा. १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यानं दोषी चाहत्याला मैदानबंदी करण्याचे अधिकार न्यायालयांना दिले. आणि १९८९ च्या त्या शनिवारी आणखी एक विधेयक संसदेपुढे होतं. प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र आणि त्याशिवाय प्रवेश नाही, असं ते म्हणत होतं.

त्याच मे महिन्यात, हेसेलच्या अठरा दिवस आधी, ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण मेले होते. बाकीचे वाचले, कारण त्या स्टँडसमोर जाळी नव्हती आणि त्यांना थेट खेळपट्टीवर उतरता आलं. हा धडा समोर असताना सरकारी डोळे मात्र हेसेलकडेच लागून राहिले, आणि इंग्लंडभर जाळ्या तशाच उभ्या राहिल्या.

पायऱ्या, बोगदा, कोंडवाडे

मैदानाच्या पश्चिमेकडच्या लेपिंग्ज लेनच्या बाजूला, उभं राहून सामना बघायच्या सिमेंटच्या पायऱ्या होत्या. १९८१ च्या उपांत्य सामन्यात याच पायऱ्यांवर दाब वाढून ३८ जण जखमी झाले. तेव्हा पोलिसांनी जाळीतली फाटकं उघडून लोकांना खेळपट्टीच्या कडेला बसू दिलं होतं. त्या अनुभवानंतर उपाय केला तो असा: पायऱ्यांमध्ये उभ्या जाळ्या घालून त्यांचे भाग पाडले. इंग्रजीत या भागांना ‘पेन’ म्हणतात, म्हणजे कोंडवाडा. गुरांसाठीचा शब्द माणसांच्या जागेला इतका सहज चिकटला की कुणाला त्यात वावगंही वाटेनासं झालं.

गोलच्या थेट मागे ३ आणि ४ क्रमांकाचे कोंडवाडे होते. प्रमाणपत्रानुसार दोन्ही मिळून क्षमता २,२००. जाळ्या आणि आतले बदल लक्षात घेतले तर खरी सुरक्षित क्षमता त्याहून बरीच कमी. पण कोणत्या कोंडवाड्यात किती माणसं गेली हे मोजायची सोयच नव्हती. दारावरची मोजणी अख्ख्या पायऱ्यांची होती, १०,१०० ची. ते भरेपर्यंत सगळं ठीक. आतले लोक आपापली जागा बघून पांगतील, असं गृहीत धरलं होतं.

आता दारांचं गणित. लिव्हरपूलचे पाठीराखे जास्त असूनही मैदानाची मोठी बाजू फॉरेस्टला दिली होती, कारण दोन्ही गावांचे चाहते वेगवेगळ्या दिशांनी येणार होते आणि त्यांची वाटेत गाठ पडू द्यायची नव्हती. त्यामुळे फॉरेस्टच्या जवळपास तीस हजारांना ६० फिरती दारं मिळाली आणि लिव्हरपूलच्या चोवीस हजारांहून जास्त लोकांना २३. त्यातही पायऱ्यांची तिकिटं असलेल्या १०,१०० जणांच्या वाट्याला सात. एका दाराला साधारण १,४४० माणसं. एका फिरत्या दारातून तासाला फार तर साडेसातशे जण आत जातात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी जवळपास दोन तास. अडीच वाजेपर्यंत या सात दारांतून साडेचार हजारही आत गेले नव्हते, आणि उरलेल्यांना अर्ध्या तासात आत जायचं होतं.

उशिरा आलेल्या चाहत्यांमुळे गोंधळ झाला, असं नंतर वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हे गणित एकदा मांडून बघितलं की त्या म्हणण्यात काही उरत नाही.

दोन वाजून बावन्न मिनिटं

दारांबाहेर दाब इतका वाढला की तिथेच माणसं मरतील, असं तिथल्या पोलिस अधिकाऱ्याला वाटलं. बाहेर पडण्यासाठीची मोठी दारं उघडा, अशी विनंती त्यानं बिनतारी यंत्रणेवर पुन्हा पुन्हा केली. नियंत्रण कक्षात मुख्य अधीक्षक डेव्हिड डकनफील्ड होते. या मैदानाच्या बंदोबस्ताची सूत्रं त्यांच्याकडे येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. सामना थोडा उशिरा सुरू करता आला असता. दोनच वर्षांपूर्वी, १९८७ मध्ये, याच मैदानावर उपांत्य सामना पंधरा मिनिटं पुढे ढकलला होता. या वेळी तसं केलं नाही. २:५२ ला त्यांनी ‘सी’ दार उघडायला सांगितलं.

पुढच्या पाचेक मिनिटांत सुमारे दोन हजार माणसं त्या दारातून आत आली. कुणी पळत नव्हतं, बहुतेक चालतच होते. समोरच एक उतरता बोगदा दिसत होता आणि तो थेट ३ आणि ४ क्रमांकाच्या कोंडवाड्यांत उघडत होता. बाजूच्या कोंडवाड्यांत भरपूर जागा होती, पण तिकडे कसं जायचं हे सांगणारी ठळक पाटी नव्हती. आदल्या वर्षी याच दोन संघांच्या याच टप्प्याच्या सामन्यात मधले भाग भरल्यावर पोलिसांनी बोगद्याचं तोंड अडवून लोकांना बाजूला वळवलं होतं. या वर्षी तिथे कुणीही उभं नव्हतं.

नियंत्रण कक्ष त्याच कोपऱ्यात, उंचावर होता. खिडकीतून खाली बघितलं की कोंडवाडे दिसत होते, कॅमेरेही होते. दार उघडण्याचा निर्णय चुकीचा नव्हता, असं पुढे या दुर्घटनेची सरकारी चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनीच म्हटलं, आणि मलाही ते पटतं. बाहेरची माणसं वाचवायची होती. पण दार उघडलं तर आलेली माणसं कुठे जाणार, हा पुढचाच प्रश्न कुणी विचारला नाही. टेलर यांनी बोगदा न अडवणं ही अत्यंत गंभीर चूक ठरवली.

या प्रकरणाचा गाभा मला पुढच्या काही मिनिटांत दिसतो. कोंडवाड्यांच्या पुढच्या जाळीत एकेक छोटं फाटक होतं, ट्रॅकवर, म्हणजे खेळपट्टीच्या कडेच्या पट्ट्यावर, उघडणारं. बंदोबस्ताच्या लेखी आदेशात एक सूचना ठळक, मोठ्या अक्षरांत होती: वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कुणालाही पायऱ्यांवरून ट्रॅकवर येऊ देऊ नये; अपवाद फक्त वैद्यकीय उपचारांचा. आतला दाब इतका झाला की ३ क्रमांकाचं फाटक आपोआप उघडलं, आणि बाहेरच्या पोलिसांनी ते पुन्हा लावलं. काही जण जाळीवर चढले, त्यांना मागे ढकललं गेलं. जाळीला चिकटलेले, चेहरे निळे पडलेले लोक हातभर अंतरावरच्या पोलिसांना ओरडून सांगत होते, आणि त्या पोलिसांना समोर मैदानावर घुसू पाहणारे चाहते दिसत होते.

ते पोलिस क्रूर होते असं मला वाटत नाही. त्यांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट बघायला शिकवलं होतं. वैद्यकीय अपवाद आदेशात लिहिलेलाच होता. पण समोरचा माणूस त्या अपवादात बसतो हे ओळखायला आधी त्याच्याकडे माणूस म्हणून बघावं लागतं. नंतर, खेळपट्टीवर जखमी आणि मृत आडवे पडलेले असताना, पोलिसांची एक रांग मैदानाच्या मधोमध उभी राहिली. लिव्हरपूलचे चाहते फॉरेस्टच्या चाहत्यांवर चाल करून जातील म्हणून. तोवर लिव्हरपूलचे चाहते जाहिरातींच्या फळ्या उखडून, त्यांचे स्ट्रेचर करून माणसं वाहून नेत होते.

दोष कुणाच्या माथी

सामना थांबल्यानंतर थोड्याच वेळात डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की चाहत्यांनी दार फोडलं. ते खोटं होतं, आणि २०१५ मध्ये शपथेवर त्यांनी ते कबूल केलं. पण ती पहिली बातमी जगभर गेली. मृतांच्या रक्तातल्या दारूचं प्रमाण तपासलं गेलं, लहान मुलांच्यासुद्धा. चौथ्या दिवशी ‘द सन’ दैनिकानं पहिल्या पानावर चाहत्यांनी मृतांचे खिसे कापल्याचे आरोप ‘सत्य’ म्हणून छापले.

टेलर यांचा अंतरिम अहवाल ऑगस्ट १९८९ मध्येच आला आणि त्यात पुरेसं स्पष्ट लिहिलं होतं: मुख्य कारण पोलिसांचं गर्दीवरचं नियंत्रण सुटणं, दारू किंवा चाहत्यांची वागणूक हे कारण नव्हे. इतक्या लवकर, इतकं स्पष्ट. तरी समाजाच्या मनातून दारूडे चाहते जायला सव्वीस-सत्तावीस वर्षं लागली.

कायदा कुठे वळला

टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० चा, ७६ शिफारशींचा. ओळखपत्रांचा कायदा तोवर, नोव्हेंबर १९८९ मध्ये, मंजूर झालेला होता. टेलर यांनी त्या योजनेला विरोध केला. दारावर प्रत्येकाचं कार्ड तपासायला वेळ लागेल आणि बाहेर गर्दी साचेल, ही त्यांची एक मोठी शंका होती. म्हणजे ज्या गोष्टीनं लेपिंग्ज लेनला सगळं सुरू झालं, तीच गोष्ट दर शनिवारी. सरकारनं योजना गुंडाळली. वरच्या विभागांच्या मैदानांत उभं राहायच्या पायऱ्या जाऊन सगळीकडे खुर्च्या आल्या, आणि जाळ्या हळूहळू निघाल्या.

जाळ्या निघाल्यावर मैदानात घुसणाऱ्याला कोण अडवणार? या प्रश्नाचं उत्तर १९९१ च्या फुटबॉल गुन्हे कायद्यानं दिलं, आणि मला ते या सगळ्या प्रकरणातून निघालेलं सर्वांत शहाणं उत्तर वाटतं. कायदा छोटासा आहे. खेळपट्टीकडे किंवा प्रेक्षकांकडे वस्तू फेकणं, अश्लील वा वंशद्वेषी घोषणा देणं, आणि खेळपट्टीवर किंवा तिच्या लगतच्या भागात जाणं, हे तीन गुन्हे. पण तिसऱ्या कलमात शब्द आहेत: कायदेशीर अधिकार किंवा कायदेशीर सबब नसताना. ती सबब सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर आहे, हेही खरं. तरीही जीव वाचवायला उडी मारणारा आणि पंचाला मारायला धावणारा यांच्यात फरक करायची जागा त्या शब्दांनी ठेवली. लोखंडी जाळीला तो फरक कधीच कळला नसता. ती दोघांनाही सारखंच अडवते. कायदा मात्र आधी जाऊ देतो आणि मग विचारतो, का गेलास?

घोषणांच्या कलमातली एक त्रुटी पुढे दिसली. मूळ कायद्यात घोषणा दोघा-तिघांनी मिळून दिली तरच गुन्हा होता. एकटाच माणूस शिव्या देत सुटला तर तो निसटायचा. १९९९ च्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली. २००० मध्ये, त्या वर्षीच्या युरो स्पर्धेत इंग्लिश चाहत्यांनी बेल्जियममधल्या शार्लरवात धुमाकूळ घातल्यावर, मैदानबंदीचे आदेश कडक झाले. साधारण तीन ते पाच वर्षं, आणि तुरुंगवासाची शिक्षा असेल तर सहा ते दहा. परदेशी सामन्यांच्या वेळी पासपोर्ट पोलिसांकडे जमा. हे आदेश दोषसिद्धीशिवायही, पोलिसांच्या अर्जावरून, मागता येतात. उपाय परिणामकारक आहे, पण हिल्सबरोनंतर पोलिसांच्या शब्दावर एवढा भरवसा टाकताना न्यायालयानं दोनदा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

हेच आदेश आता मृतांच्या बाजूनंही वापरले जातात. २०२३ च्या एफए कप अंतिम सामन्याला, वेम्बलीत, एक जण हिल्सबरोच्या ९७ मृतांची टिंगल करणारा शर्ट घालून आला. सुव्यवस्था कायद्याखाली तो दोषी ठरला, एक हजार पौंड दंड आणि चार वर्षं मैदानबंदी झाली. त्यानंतर अशा घोषणा आणि हावभावांवर सुव्यवस्था कायद्याखाली खटला भरता येतो, असं सरकारी वकिलांच्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट केलं गेलं.

आणि उभं राहणं? ते परत आलं. जानेवारी २०२२ पासून काही मैदानांत चाचणी, आणि त्याच वर्षीच्या हंगामापासून परवानगी असलेल्या क्लबांत ‘सेफ स्टँडिंग’: प्रत्येक रांगेला कठडा, प्रत्येकाला ठरलेली जागा. खुर्च्यांच्या भागात सतत उभं राहणं क्लबांच्या नियमांविरुद्ध आहेच, पण वर्षानुवर्षं हजारो चाहते उभेच राहत होते. नियमाशी रोज झगडण्यापेक्षा जागा सुरक्षित करणं बरं, हे मान्य व्हायला तीस वर्षं लागली.

सातवा प्रश्न

पहिल्या मृत्युचौकशीनं १९९१ मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल दिला. त्या चौकशीत दुपारी सव्वातीननंतरचं काहीही ऐकलं गेलं नाही. तोवर सगळ्यांचा शेवट निश्चित झालेला होता, असं मानलं गेलं. कुटुंबीय हे मानायला तयार नव्हते, आणि ते बरोबर होते. १२ सप्टेंबर २०१२ रोजी स्वतंत्र समितीचा अहवाल आला: ४१ जण कदाचित वाचू शकले असते, पोलिसांचे १६४ जबाब लक्षणीयरीत्या बदललेले होते, त्यांतल्या ११६ मधून पोलिसांवरची टीका काढली किंवा सौम्य केली होती. जुने निकाल रद्द झाले.

नवी चौकशी वॉरिंग्टनमध्ये दोन वर्षं चालली. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीनं चौदा प्रश्नांची उत्तरं दिली. ९६ जण बेकायदेशीरपणे मारले गेले, हे सात विरुद्ध दोन मतांनी. सातवा प्रश्न चाहत्यांच्या वागणुकीचा होता: लेपिंग्ज लेनच्या दारांशी जी धोकादायक परिस्थिती झाली, ती चाहत्यांच्या वागण्यामुळे झाली का, किंवा त्यात त्याचा हातभार होता का? ज्यूरीचं उत्तर: नाही. २७ वर्षं ज्या एका शब्दासाठी आईबापांनी न्यायालयांचे उंबरठे झिजवले, तो हा शब्द.

शिक्षा मात्र जवळपास कुणालाच झाली नाही. हिल्सबरो ज्यांचं मैदान, त्या शेफील्ड वेन्सडे क्लबच्या तेव्हाच्या सचिवाला २०१९ मध्ये सुरक्षाविषयक गुन्ह्यासाठी साडेसहा हजार पौंड दंड झाला. त्या गुन्ह्याचा विषय होता दारांची अपुरी संख्या. डकनफील्ड त्याच वर्षी सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून निर्दोष सुटले. २०२१ मध्ये जबाब बदलल्याचा खटला उभाच राहू शकला नाही. टेलर यांची चौकशी ही प्रशासकीय होती, न्यायालयीन नव्हती; त्यामुळे तिच्यासाठीचे जबाब बदलणं न्यायदानात अडथळा ठरत नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. सामन्याला बसमधून दारूची बाटली नेणं १९८५ पासून गुन्हा आहे. तोवर झालेल्या ९५ मृत्यूंच्या चौकशीसाठीचे जबाब बदलणं, कायद्याच्या त्या वाचनानुसार, गुन्हा नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत एक विधेयक मांडलं गेलं. चौकशीपुढे पूर्ण खरं सांगणं हे पोलिसांसह सर्व सरकारी अधिकाऱ्यांचं कायदेशीर कर्तव्य ठरवणारं, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा देऊ पाहणारं. कुटुंबीयांनी ते कित्येक वर्षं मागितलं होतं. तिथले लोक त्याला हिल्सबरो कायदा म्हणतात.